रक्ताचा आजार आणि रक्ताचा कॅन्सर : नातं काय, फरक काय



गावात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं की पुढच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणाचं हिमोग्लोबिन आठ निघालेलं असतं. कुणाच्या लेकराच्या कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं. कुणाच्या सासऱ्याच्या पेशी कमी आहेत असं खासगी दवाखान्यात सांगितलेलं असतं. मग हळू आवाजात प्रश्न येतो, “काहून वं ताई, हे रगताच्या कॅन्सरवर त नाही जाणार न?”

या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं नाही की दोन बाजूंनी नुकसान होतं. काही घरं भीतीपोटी भलत्याच खर्चात पडतात, किंवा चालू असलेली चांगली गोळी बंद करतात. काही घरं म्हणतात, “बायकांचं रगत कमीच राह्यते,” आणि खरा मोठा आजार महिनोन्‌महिने अंगावर काढतात. म्हणून या अंकात हा विषय सुरुवातीपासून समजून घेऊ.

रक्त तयार कुठे होतं?

रक्त पोटात किंवा हृदयात तयार होत नाही. ते हाडांच्या आतल्या मऊ गरात तयार होतं. त्याला अस्थिमज्जा म्हणतात, डॉक्टर बोन मॅरो म्हणतात. ही रक्ताची रोपवाटिकाच समजा. तिथे मूळ पेशी असतात आणि त्यांच्यापासून तीन प्रकारच्या पेशी तयार होऊन रक्तात येतात.

तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं. एक तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात, त्यांचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं असतं. डेंग्यूच्या साथीत आपण “पेशी कमी झाल्या” म्हणतो, त्या पेशी म्हणजे या प्लेटलेट.

पेशी रोज मरतात आणि मज्जा रोज नव्या तयार करते. हे काम चार प्रकारे बिघडू शकतं : मज्जेला लागणारा माल कमी पडतो, तयार होणाऱ्या पेशीचा साचाच जन्मापासून वेगळा असतो, तयार झालेल्या पेशी बाहेर नष्ट होतात, किंवा मज्जेतच बिघाड होतो. कॅन्सरशी जवळचं नातं आहे ते या चौथ्या प्रकाराचं.

सीबीसीचा कागद कसा पाहायचा?

सीबीसी म्हणजे रक्तातल्या तिन्ही पेशींची मोजणी. तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. कागद हातात आला की तीन ओळी पाहा.

- हिमोग्लोबिन : गरोदर नसलेल्या बाईचं 12 किंवा जास्त, गरोदर बाईचं 11 किंवा जास्त असावं.
- पांढऱ्या पेशी : मोठ्या माणसात साधारण 4 हजार ते 11 हजार.
- प्लेटलेट : साधारण दीड लाख ते साडेचार लाख.

आकडा थोडा इकडे-तिकडे असला तर घाबरू नका. साध्या तापातही पांढऱ्या पेशी वाढतात आणि डेंग्यूत प्लेटलेट उतरतात. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच : फक्त हिमोग्लोबिन कमी असेल तर बहुतेक वेळा कारण साधं निघतं. तीनपैकी दोन किंवा तिन्ही ओळी बिघडल्या असतील, किंवा पांढऱ्या पेशी खूपच वाढल्या असतील, तर तो कागद घेऊन लगेच डॉक्टरकडे जा. डॉक्टर मग रक्ताचा थेंब काचेवर पसरून दुर्बिणीखाली पाहायला सांगतात. कॅन्सरचा पहिला संशय बरेचदा तिथेच येतो.

पहिला प्रकार : माल कमी पडणं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे दहाजणींच्या गटात पाचजणी. कारणं आपल्या ओळखीची आहेत : पाळीत जास्त रक्त जाणं, लागोपाठ बाळंतपणं, पोटातले जंत, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं.

लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 ही रक्त तयार करायची सामग्री आहे. ती कमी पडली तर मज्जा चांगली असूनही पेशी कमी तयार होतात. ही कमतरता वाढत जाऊन कॅन्सर होत नाही. सामग्री दिली की दोन-तीन महिन्यांत फरक दिसतो.

त्यासाठी महागडी सलाइनची बाटली लागत नाही. उपकेंद्रातली लाल गोळी, अंबाडी, तरोटा, शेवग्याचा पाला, जवस-तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे हे सगळं चालतं. गोळीसोबत किंवा जेवणासोबत लिंबू, आवळा, वरुड-मोर्शीची संत्री घेतली तर लोह चांगलं अंगी लागतं. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह वाया जातं, म्हणून चहा तासभर मागे ढकला. बी-12 मात्र पालेभाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस-मासळीतून मिळतं.

दोन-तीन महिने नेमाने गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर तीच गोळी वर्षभर चालू ठेवून बसू नका. पाळीचा आजार, मूळव्याध, पोटातली जखम, सिकलसेल, थॅलेसेमिया की मज्जेचा आजार, हे शोधायला सांगा. चाळिशीच्या पुढच्या माणसांत तर हे पाहिलंच पाहिजे.

दुसरा प्रकार : जन्मापासूनचा साचा वेगळा असणं

यात आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचा आजार सिकलसेल. तांबडी पेशी गोल आणि लवचिक असायला हवी. सिकलसेलमध्ये ती कडक होऊन विळ्यासारखी वाकते. अशी पेशी 120 दिवसांऐवजी दहा-वीस दिवसच टिकते, म्हणून रक्त कमी राहतं. वाकड्या पेशी बारीक नसांत अडकतात, म्हणून हातपाय, पाठ, पोट भयंकर दुखतं.

विदर्भात या आजाराची नोंद जुनी आहे. 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं होतं. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याच्या आदिवासी घरांत तो दिसतो, तसाच खाली पठारावरच्या अनेक अनुसूचित जातींच्या आणि ओबीसी घरांतही दिसतो. यात कुणाला कमी लेखण्यासारखं काही नाही. मलेरियाच्या मुलखात ज्यांच्या अंगात सिकलचा एकच दोष होता ती लेकरं मलेरियातून जास्त वाचली, म्हणून हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर लेकराला आजार होतो. एकाकडूनच आला तर ते वाहक होतं, आणि वाहकाला सहसा काही त्रास नसतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे सून एकटी कधीच जबाबदार नसते. “हिच्यामुळे झालं” हे वाक्य कुणाच्या घरात ऐकलं तर हा हिशेब तिथे सांगा.

शिबिरातली पहिली चाचणी फक्त सिकलचा दोष आहे की नाही एवढं सांगते. वाहक आहे की रुग्ण, ते दुसऱ्या चाचणीत कळतं. तिला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी म्हणतात. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ एवढ्यावर थांबू नका, दुसरी चाचणी करून घ्या. 1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यात आदिवासी भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते.

थॅलेसेमिया हाही असाच आईबापाकडून येणारा आजार. त्याच्या गंभीर प्रकारात लेकराला वारंवार रक्त द्यावं लागतं.

आता मूळ प्रश्न. सिकलसेल म्हणजे कॅन्सर नाही, आणि ती कॅन्सरची पहिली पायरीही नाही. सिकलसेलच्या रुग्णांत रक्ताचा कॅन्सर थोडा जास्त आढळतो असं परदेशातल्या काही अभ्यासांत दिसलं आहे, पण असे रुग्ण फार थोडे असतात. सिकलसेलच्या लेकराला खरा धोका असतो तो जंतूंच्या संसर्गाचा, अंगातलं पाणी कमी होण्याचा आणि औषध सुटण्याचा.

तिसरा प्रकार : पेशी बाहेर नष्ट होणं

डेंग्यू, मलेरिया यांत पेशी कमी होतात आणि आजार गेला की भरून येतात. कधी कधी शरीर स्वतःच आपल्या प्लेटलेट मारतं, त्याला आयटीपी म्हणतात. अंगावर लाल ठिपके येतात, हिरड्यांतून रक्त येतं. लक्षणं कॅन्सरसारखी वाटतात, पण हा कॅन्सर नव्हे. फरक तपासणीतच कळतो, अंदाजाने नाही.

चौथा प्रकार : मज्जेतच बिघाड

कॅन्सरशी जवळचं नातं असलेले आजार हे आहेत. ते पहिल्या प्रकारापेक्षा फार विरळ आहेत, पण माहीत असावेत.

एमडीएस हा मुख्यतः साठीच्या पुढचा आजार आहे. मज्जा पेशी तयार करते, पण कच्च्या आणि निकामी. हिमोग्लोबिन कमी राहतं, गोळ्यांनी वाढत नाही, वारंवार रक्त चढवावं लागतं. यातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत पुढे तीव्र रक्ताचा कॅन्सर होतो.

दुसरा गट उलट्या बाजूचा. मज्जा गरजेपेक्षा जास्त पेशी तयार करते. पॉलिसायथेमियात तांबड्या पेशी वाढतात. चेहरा लालबुंद दिसतो, डोकं जड होतं, आंघोळीनंतर अंग खाजतं, नसेत रक्ताची गाठ होऊ शकते. या गटातले आजार अनेक वर्षं हळूहळू चालतात. काही रुग्णांत त्यांचं रूपांतर तीव्र कॅन्सरमध्ये होतं.

अप्लास्टिक ॲनिमियात मज्जा रिकामी पडते आणि तिन्ही पेशी उतरतात. हा कॅन्सर नाही, पण तितकाच गंभीर आहे, आणि त्यातल्या काही रुग्णांना पुढे कॅन्सर होऊ शकतो.

अशा रुग्णाला डॉक्टर दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी सीबीसीला बोलावतात. “आता बरं वाटते” म्हणून ती तपासणी टाळू नका. बदल आधी कागदावर दिसतो, अंगावर नंतर.

मग रक्ताचा कॅन्सर म्हणजे काय?

पऱ्हाटीच्या वावरात गवत मातलं की पिकाची जागा, पाणी, खत सगळं तेच खातं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये मज्जेत तसंच होतं. एका पेशीत बिघाड होतो आणि ती थांबता न थांबता वाढत जाते. बहुतेक वेळा ही पांढऱ्या पेशींच्या कुळातली असते. ती जंतूंशी लढत नाही, नुसती जागा अडवते. चांगल्या पेशींना जागा उरत नाही, म्हणून रक्त कमी होतं, ताप वारंवार येतो आणि रक्तस्राव होतो.

डॉक्टर याला ल्युकेमिया म्हणतात. त्याचे दोन स्वभाव आहेत. तीव्र प्रकार आठवड्यांत वाढतो, त्यात उशीर चालत नाही. लहान मुलांत जास्त दिसणारा एएलएल आणि मोठ्यांत जास्त दिसणारा एएमएल हे तीव्र प्रकार. हळू चालणारा प्रकार वर्षानुवर्षं असतो. सीएमएल आणि सीएलएल हे त्यातले.

हा आजार शिवण्याने, एका ताटात जेवल्याने, रक्त दिल्याने होत नाही. सिकलसेलसारखा तो आईबापाकडून लेकराला सहसा येतही नाही. बहुतेक रुग्णांत नेमकं कारण सापडत नाही. पूर्वी दुसऱ्या कॅन्सरसाठी घेतलेली केमो किंवा किरणं, बेंझिन नावाचं रसायन, विडी-सिगारेट यांनी धोका वाढतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत तो जास्त असतो. कीटकनाशकांशी संबंध जगातल्या काही अभ्यासांत दिसला आहे. फवारणीच्या दिवसांत हातमोजे, तोंडाला कापड, फवारणीचे कपडे वेगळे धुणं आणि औषधाचा रिकामा डबा घरात न वापरणं हे आपण विषबाधेसाठी करतोच, ते याही कारणाने करा.

आपल्या लाल गोळीची गोष्ट

रक्ताची कमतरता आणि रक्ताचा कॅन्सर यांच्या औषधांचं नातं मुंबईच्या गिरणी कामगार बायांपासून सुरू होतं.

1928 मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्लंडच्या डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायांमध्ये रक्त फार कमी होण्याचा एक आजार होता, त्यात जीवही जायचा. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी या बाया काय खातात ते पाहिलं. जेवण जितकं निकस तितका आजार जास्त, असं दिसलं. मग यीस्टचा, म्हणजे पाव फुगवायच्या खमिराचा, अर्क देऊन पाहिला आणि बाया बऱ्या झाल्या. 1931 मध्ये त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. अर्कातला तो गुणकारी भाग 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला. पानातून मिळाला म्हणून त्याचं नाव फॉलिक ॲसिड पडलं. तेच आज आपल्या लाल गोळीत लोहासोबत असतं.

पुढचा भाग आंध्रातल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा. त्यांचे दोन भाऊ संग्रहणीसारख्या आजाराने लागोपाठ गेले होते. अमेरिकेत एका औषध कंपनीत त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कारखान्यात तयार करून दाखवलं. त्याच वेळी बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर ल्युकेमियाच्या मुलांवर उपचार करत होते. फॉलिक ॲसिड दिल्यावर या मुलांचा आजार जोराने वाढला असं त्यांना दिसलं. त्यांनी उलटा विचार केला : कॅन्सरच्या पेशीलाही वाढायला हेच लागतं, तर ते तोडणारं औषध देऊ. तसं औषध सुब्बारावांच्या चमूने तयार केलं. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांचा अनुभव छापला, त्यातल्या 10 मुलांत आजार काही काळ मागे हटला होता. त्याआधी हा आजार असा औषधाने मागे हटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही एएलएलच्या मुलांना देतात.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. निरोगी आणि गरोदर बाईने फॉलिक ॲसिडची गोळी बिनधास्त घ्यावी, तिच्याने कॅन्सर होत नाही. पण कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या माणसाला घरातली ताकदीची गोळी किंवा टॉनिक स्वतःच्या मनाने देऊ नका, आधी डॉक्टरला विचारा. सिकलसेलच्या रुग्णालाही फॉलिक ॲसिड देतात, पण लोहाची गोळी त्याची तपासणी करूनच द्यावी. ज्याला वारंवार रक्त चढवलं आहे त्याच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं.

“ही त कॅन्सरची गोळी आहे!”

सिकलसेलच्या बऱ्याच रुग्णांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी चालू असते. कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं, किंवा औषधाच्या दुकानात कुणी बोलून जातं की ही कॅन्सरची गोळी आहे. आई घाबरते आणि गोळी बंद होते. काही आठवड्यांत लेकरू पुन्हा दुखण्याने तळमळत दवाखान्यात येतं.

खरी गोष्ट अशी. ही गोळी पेशींची वाढ मंदावते, म्हणून ती पॉलिसायथेमियात आणि ल्युकेमियाच्या काही प्रकारांत वापरतात. सिकलसेलमध्ये तिचं काम वेगळं आहे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन असतं, ते या गोळीने पुन्हा वाढतं. ते वाढलं की पेशी कमी वाकतात, दुखणं आणि रक्त चढवणं कमी होतं. सिकलसेलच्या रुग्णांवर अनेक वर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत या गोळीने कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही.

मात्र तिची शिस्त पाळावी लागते. ठरलेल्या दिवशी सीबीसी करायची, मात्रा स्वतः बदलायची नाही. मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर लगेच डॉक्टरला सांगायचं. पाणी भरपूर प्यायचं, आणि ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- दोन आठवड्यांहून जास्त चालणारा किंवा पुन्हा पुन्हा येणारा ताप
- थोड्या दिवसांत वाढलेला पांढुरकेपणा, चालताना दम लागणं
- मार न लागता निळे-काळे डाग, अंगावर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त
- मान, काख, जांघेत न दुखणाऱ्या गाठी
- पोटाच्या डाव्या बाजूला वरती फुगवटा किंवा जडपणा
- लेकराची हाडं दुखणं, लंगडणं, खेळणं सोडून देणं
- कारण नसताना वजन उतरणं

यातलं एखादं लक्षण म्हणजे कॅन्सरच असं नाही, बहुतेकांचं दुसरंच कारण निघतं. पण एक सीबीसी तरी त्याच आठवड्यात व्हायलाच हवी. आणखी एक, निदान होण्याआधी कुणाकडूनही स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नका. ताप उतरतो, लेकरू हुशार दिसतं, पण ल्युकेमिया असेल तर तो काही दिवस लपतो. निदानाला उशीर होतो आणि पुढचा उपचार अवघड होतो.

कुठे जायचं, पैसा कुठून आणायचा?

सुरुवात आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. पुढे अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं इर्विन, बायांसाठी डफरीन, आणि अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय व जिल्हा स्त्री रुग्णालय. मज्जेची तपासणी किंवा कॅन्सरचा उपचार लागला तर नागपूरचं शासकीय मेडिकल, एम्स, आणि मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईला टाटा रुग्णालय आहे. 1983 मध्ये अस्थिमज्जा बदलण्याची शस्त्रक्रिया तिथे सुरू झाली. जुळणाऱ्या सख्ख्या भावाबहिणीची मज्जा मिळाली तर सिकलसेल, थॅलेसेमिया आणि ल्युकेमियाचे काही रुग्ण तिने पूर्ण बरे होतात.

मुंबईत राहायचं कुठे, ही चिंता मोठी असते. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, तिथे टाटात उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. बाबा आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कॅन्सर, सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. डॉक्टरचा दाखला घेऊनच बडनेरा किंवा अकोल्याला तिकीट काढा. एसटीतही सवलत आहे, आगारात विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. फोन 155388 किंवा 1800 233 2200. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत, त्याचं प्रमाणपत्र काढून घ्या.

औषध परवडणार नाही म्हणून आधीच हार मानू नका. सीएमएलवर इमॅटिनिब नावाची रोज घ्यायची गोळी आहे, तिच्यावर रुग्ण अनेक वर्षं कामधंदा करत जगतात. परदेशी कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जात होती, भारतातल्या कंपन्यांची दहा हजारांच्या आसपास. परदेशी कंपनीने पेटंट मागितलं तेव्हा मुंबईची कॅन्सर रुग्णांची एक संस्था त्याविरुद्ध लढली. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं आणि स्वस्त गोळी चालू राहिली.

लेकरांच्या एएलएलचा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतला तर बहुतेक मुलं बरी होतात. पहिल्या काही महिन्यांत लेकरू टुणटुणीत दिसायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच सोंगणी आली, पैसे संपले म्हणून काही कुटुंबं घरी परततात. अर्धवट सोडलेला आजार उलटून येतो, तेव्हा तो जास्त चिवट असतो.

गटाने काय करायचं?

आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. पुढच्या बैठकीत हे ठरवून टाका.

1. गटातल्या प्रत्येकीचं शेवटचं हिमोग्लोबिन आणि तारीख एका पानावर लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा तपासा.
2. आठच्या खाली असलेल्या ताईसोबत एकीने दवाखान्यात जा. गोळी चालू झाल्यावर दोन महिन्यांनी आकडा परत पाहा.
3. लग्न ठरण्याआधी मुलामुलीची सिकल तपासणी, हा विषय गावात आपणच काढू. दोघं वाहक निघाले तर निर्णय माहितीने घेता येतो.
4. सिकलसेलचं लेकरू असलेल्या घराची गोळी सुटली नाही ना, हे आशाताईसोबत महिन्याला विचारा.
5. घरात मोठं आजारपण आलं तर सावकाराकडे जाण्याआधी गटाचं अंतर्गत कर्ज आणि ग्रामसंघाकडचा जोखीम प्रवणता निधी पाहा. तो अशाच वेळेसाठी आहे.
6. ज्यांचं हिमोग्लोबिन 12.5 च्या वर आणि वजन 45 किलोच्या वर आहे, त्यांनी वर्षातून एकदा रक्त द्या. घरच्या पुरुषांनाही घेऊन चला. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि ल्युकेमियाची लेकरं याच रक्तावर तगतात.

आणि बैठकीत कुणी हळू आवाजात तो प्रश्न विचारला, तर आधी तिचा कागद मागा. तिन्ही ओळी पाहा. एकच ओळ खाली असेल तर तिला गोळी, जेवण आणि फेरतपासणीची तारीख सांगा. दोन-तीन ओळी बिघडल्या असतील तर त्याच आठवड्यात तिच्यासोबत इर्विनला किंवा सर्वोपचारला जा.